नखभर कमी

तिचं खरं नाव लॅबच्या हजेरीपटावर तेवढं होतं. बाकी सगळी गल्ली तिला हळूबाई म्हणूनच ओळखायची. सुई कधी आत गेली आणि कधी बाहेर आली, हे माणसाला कळायचंच नाही. एखादा भलाथोरला गडी दातओठ खाऊन, डोळे मिटून बसायचा आणि ओरडायचा, "टोचा की एकदाचं!" ही तोवर कापूस दाबून म्हणायची, "झालंसुद्धा. हात दुमडून धरा." बावीस वर्षं हेच काम. एवढ्या वर्षांत माणसाला आपल्या हाताचा थोडा गर्व होणारच. तिलाही होता, आणि ती तो लपवायच्या भानगडीत पडत नसे.

लॅब होती एका वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत सहा खुर्च्या, खिडकीपाशी रक्त घ्यायची सातवी, रुंद हातांची. आतल्या खोलीत यंत्रं आणि सर. सर म्हणजे लॅबचे मालक, आणि यंत्रांवर बसणारेही तेच. कामाच्या बाबतीत बापजन्मात कुणाला सूट दिली नाही अशा जातीचा माणूस. संध्याकाळच्या पाळीला जो गडी घरोघरी जाऊन रक्त आणायचा, त्याची एकेक नळी सर हातात घेऊन तपासायचे. नाव बरोबर आहे का, वेळ लिहिली आहे का, भरली आहे का. त्याला रोज काही ना काही ऐकून घ्यावं लागायचं. हळूबाईच्या नळ्या मात्र सर न बघता सरळ यंत्रात लावत. "बाईंची नळी बघायची म्हणजे घड्याळाला वेळ विचारून पुन्हा सूर्याकडे बघण्यासारखं आहे," असं ते एकदा म्हणाले होते. हे वाक्य हळूबाईनं घरी नवऱ्याला निदान दहा वेळा ऐकवलं होतं.

आता शिवणाच्या आजींबद्दल सांगते, कारण सगळं घोडं तिथंच अडलं.

आजी दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या, मुलगा आणि सुनेबरोबर. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, आता घरच्या घरी चेन बसवून दे, पँट आखूड करून दे, असली कामं करायच्या. अंगानं काडी आणि तोंडानं कात्री. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयातली एक झडप बदलून धातूची बसवली होती. झडप उत्तम चालली होती, पण धातूची खोड अशी की रक्त तिच्यावर गोठायला बघतं. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी, तीही जन्मभर. गोळी जास्त झाली तर कुठूनही रक्त वाहायला लागतं, कमी पडली तर झडपेवर गुठळी धरते, आणि ती सुटून मेंदूकडे गेली की संपलंच. म्हणून दर थोड्या दिवसांनी रक्त काढायचं, ते गोठायला किती वेळ लावतं ते बघायचं आणि त्याचा एक आकडा काढायचा. आजींचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा. त्या आकड्यावर हृदयाच्या डॉक्टरीणबाई गोळी ठरवणार.

आधी आजी मोठ्या हॉस्पिटलात जायच्या. तिथल्या रांगेला कंटाळून एका मंगळवारी या लॅबचा जिना चढून आल्या. खुर्चीत बसल्या, हात पुढे केला आणि विचारलं, "किती घेणार?"

"ही निळ्या बुचाची नळी. या रेघेपर्यंत."

"एवढं? अगं, माझ्यात मुळात आहे किती! अर्ध्यावर तोड."

हळूबाईला हसू फुटलं. बावीस वर्षांत रक्तात घासाघीस करणारं गिऱ्हाईक तिनं पहिल्यांदाच बघितलं होतं. "आजी, हा काय भाजीबाजार आहे?"

"भाजीवालासुद्धा म्हातारीला थोडं सोडून देतो हो. तू सरकारी दिसतेस."

बाकीच्या सहा खुर्च्या खो खो हसल्या. आजींच्या हाताच्या शिरा म्हणजे कच्चे दोरे, त्यातून रक्त थेंबथेंब येत होतं. आणि खरंच, तेवढ्या त्या दोन हाडांतून काढून काढून किती काढायचं, असं हळूबाईला वाटलं. लाल बुचाची नळी, जांभळ्या बुचाची नळी, यांत जरा एकोणीस-वीस चालून जातं हे तिला रोजच्या सवयीनं ठाऊक होतं. तिनं रेघेच्या नखभर खालीच सिरिंज थांबवली. "घ्या. तुमच्यासाठी सूट."

"शहाणी आहेस," आजी म्हणाल्या, आणि सगळ्या खोलीसमोर तिच्या गालाला हात लावून गेल्या.

निळ्या नळीचं वेगळं असतं, हे हळूबाईला शिकवलेलं होतं बरं का! शिकताना सगळं शिकवतात. पण परीक्षा झाली, बावीस वर्षं गेली, "निळी रेघेपर्यंत" हा नियम हातात राहिला आणि तो कशासाठी आहे ते डोक्यातून उतरून गेलं. चूक दयेपोटी झाली. आणि खरं सांगायचं तर थोडी मिरवण्यापोटीही झाली. सहा खुर्च्यांसमोर एवढ्या फटकळ बाईनं आपल्याला शहाणी म्हटलं, हे कुणाला आवडणार नाही?

त्या दिवशी आकडा आला चारच्या वर. डॉक्टरीणबाईंनी गोळी थोडी कमी केली आणि आठ दिवसांनी पुन्हा रक्त द्यायला सांगितलं. पुढच्या मंगळवारी आजी आल्या, पुन्हा घासाघीस, पुन्हा हशा. सूट कधी तेवढीच राहते का? दर वेळी थोडी वाढते. नखभराचं दीड नख झालं. आकडा पुन्हा चार. गोळी आणखी कमी. डॉक्टरीणबाईंनी सुनेला विचारलं, पालेभाज्या कमी झाल्यात का? पालेभाजीनं आकडा खाली येतो. सून बिचारी कामाला लागली. सकाळी पालेभाजी, रात्री पालेभाजी.

"शेळी केलीये माझी घरात," आजी लॅबमध्ये सांगायच्या. "आता फक्त दाव्याला बांधायचं बाकी आहे."

असे पाच मंगळवार झाले. आकडा काही चारखाली उतरेना. डॉक्टरीणबाईंनी सरांना फोनही केला, यंत्र नीट आहे ना? सरांनी यंत्र तपासून घेतलं. यंत्र ठणठणीत होतं. आजींची नळी मात्र हळूबाईची होती, ती बघायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

मग एका शुक्रवारी सकाळी, अकराच्या सुमारास, आतल्या खोलीत संध्याकाळच्या पाळीच्या गड्याची नेहमीसारखी हजेरी चालली होती; त्या दिवशी सकाळची फेरीही त्याच्याकडेच होती. हळूबाई दारात उभी राहून कापसाचे बोळे करत मजेत ऐकत होती.

"ही काय आणलीत?" सर एक निळ्या बुचाची नळी नाचवत विचारत होते. "रेघ दिसत नाही का?"

"दिसते, पण त्या काकांना चक्कर आली. म्हटलं थोडंच तर कमी आहे."

"थोडंच? अहो, या नळीच्या तळाशी औषध मोजून घातलेलं असतं. रक्त गोठू नये म्हणून. रक्त कमी पडलं की औषध जास्त होतं, रक्त गोठायला जास्त वेळ लागतो आणि आकडा खोटाच वर जातो. डॉक्टरला वाटतं रक्त फार पातळ आहे, तो गोळी कमी करतो. माणूस बसतो गुठळी घेऊन. जा, पुन्हा घेऊन या!"

हळूबाईच्या हातातला कापूस खाली पडला.

तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "सर, किती कमी चालतं?"

"चालत नाही," सर म्हणाले आणि यंत्राकडे वळले.

ती बाहेर येऊन खिडकीपाशी उभी राहिली. पाच मंगळवार, पाच नळ्या. चार वेळा कमी केलेली गोळी, वर दोन वेळची पालेभाजी. म्हणजे आजींचं रक्त पातळ नव्हतंच कधी. ते रोज दाट होत चाललं होतं, आणि त्या धातूच्या झडपेवर आत्ता, या मिनिटाला काय चाललं असेल कोण जाणे.

आता माणसाचं मन कसं असतं ते ऐका. लाज वाटली, भीती वाटली, आणि तिसरा विचार आला तो असा, की हे कुणाला कळलेलं नाही. येत्या मंगळवारी नळी गच्च रेघेपर्यंत भरायची. आकडा खरा येईल, खालचा येईल, डॉक्टरीणबाई गोळी वाढवतील, सगळं आपोआप जागेवर येईल. आपण मूग गिळून बसायचं. बावीस वर्षांचं नाव राहील.

तिनं बोटांवर मोजलं. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार. चार दिवस. गुठळीला चार दिवस फार झाले, एवढं तिला कळत होतं.

ती तशीच आत गेली आणि सरांना सगळं सांगितलं. मध्ये थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

सर ओरडतील अशी तिची तयारी होती. सर ओरडले नाहीत. स्टुलावर बसले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुमची नळी मी एकदाही बघितली नाही," ते म्हणाले. "पाच वेळा माझ्या हातातून गेली." मग त्यांनी फोन उचलला आणि डॉक्टरीणबाईंना दोघांची चूक म्हणून सांगितली. हळूबाईच्या एकटीच्या नावावर ढकलली नाही. माणूस कडक होता, पण खोटा नव्हता.

डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता रक्त घ्या, पूर्ण भरून. तासाभरात आकडा हवा. आणि त्यांना दम लागतोय का, हातापायाला मुंग्या येताहेत का, बोलताना जीभ जड होतेय का, तेवढं बघा."

दोन गल्ल्या हळूबाईनं कशा पार केल्या ते तिलाच माहीत. दार उघडंच होतं. आजी शिलाई मशीनवर वाकून कुणाच्या तरी कोटाचं अस्तर जोडत होत्या. ओठांत चार टाचण्या धरलेल्या.

"आज काय मंगळवार आहे?" टाचण्यांतूनच त्या म्हणाल्या.

"आजी, दम लागतोय का? हाताला मुंग्या? बोलताना जीभ अडखळते का?"

आतून सून हात पुसत बाहेर आली. "कुणाची? आईंची?" असं म्हणून ती हसली, आणि हळूबाईचा चेहरा बघून तिचं हसू मावळलं.

आजींनी टाचण्या काढून मशीनवरच्या छोट्या उशीत खोचल्या. हळूबाई जमिनीवरच बसली, त्यांच्या पायाशी, आणि सांगितलं. रेघ, औषध, आकडा, गोळी. काही वगळलं नाही. सुनेनं दाराची चौकट धरली. मशीनचं चाक आजींनी एका हातानं धरून ठेवलं होतं.

"म्हणजे तू माझ्या जिवावर मला सूट देत होतीस," आजी म्हणाल्या.

"हो."

"मी मागितली म्हणून?"

"हो आजी."

"अगं बाई!" आता आजींचा आवाज चढला, आणि तोंडाचा पट्टा असा सुटला की सून दोन पावलं मागं सरकली. "चाळीस वर्षं गिऱ्हाईक माझ्यासमोर उभं राहून सांगतंय, कंबर दोन इंच कमी घ्या, मी बारीक होणार आहे. घेतली का मी कधी? गिऱ्हाईक मागणारच! मागायला त्याच्या बापाचं काय जातं? टेप माझ्या हातात होती ना? तुझ्या हातात काय होतं? ती रेघ काय नक्षी म्हणून काढलीये? मला अडाणी म्हातारीला काय कळतं तुझ्या नळीतलं? तुला कळत होतं ना? मग मला हाड् म्हणायचंस! तोंड नव्हतं का तुला?"

हळूबाईनं मान वर केली नाही. एकेक शब्द बरोबर होता. तिच्या डोळ्यांतून पाणी टपटप गळत होतं.

आजींनी श्वास घेतला. मग बाही वर केली आणि हात मशीनच्या फळीवर ठेवला. "रड नंतर. घे आधी."

पट्टा बांधला, शीर चाचपली, सुई लावली. बावीस वर्षांत जे कधी झालं नव्हतं ते झालं. सुई शिरेच्या शेजारून गेली. आजी कळवळल्या.

"चुकली," हळूबाई म्हणाली. "आजी, मी दुसऱ्या कुणाला बोलावते."

"कुणाला बोलावू नकोस. वेळ कुठंय? दुसरा हात घे."

दुसऱ्या हातात शीर सापडली. रक्त सावकाश आलं, अगदी सावकाश, आणि सगळेजण नळीकडे बघत राहिले. रेघेला टेकलं तेव्हा हळूबाईनं बूच लावलं, नळी चार वेळा हळूच उलटसुलट केली, आणि पळत सुटली.

आकडा आला दीडच्याही खाली.

दुपारी आजींना हॉस्पिटलात नेलं. छातीवर यंत्र फिरवून झडप बघितली. हळूबाई बाहेर बाकावर बसली होती. सून शेजारी होती, पण मधे एक जागा सोडून बसली होती, आणि तिचं तरी काय चुकलं? अर्ध्या तासानं डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. "झडपेच्या दोन्ही पाकळ्या स्वच्छ हलताहेत. गुठळी नाही. आणखी आठवडा गेला असता तर मी असं म्हणाले नसते." सुनेचा जीव भांड्यात पडला.

गोळी पुन्हा पहिल्यासारखी झाली. पण गोळीचा जोर चढायला दिवस लागतात, तोवर पोटात इंजेक्शन, सकाळ-संध्याकाळ. ते द्यायला हळूबाईच जायची. डॉक्टरीणबाईंनी नर्स पाठवते म्हटलं होतं, पण आजी म्हणाल्या, हीच येईल. पुढं मात्र आठ दिवस त्यांनी हळूबाईशी अवाक्षर काढलं नाही. ये नाही, बस नाही, चहा नाही, टोमणासुद्धा नाही. आजींनी टोमणा मारू नये म्हणजे काय, ते त्या घरातल्या माणसांनाच कळेल. हळूबाई इंजेक्शन द्यायची, कापूस दाबायची आणि निघायची. घरी नवरा म्हणायचा, अगं, येऊ दे म्हणाल्या ना, मग झालं तर. ती म्हणायची, येऊ दे वेगळं आणि माफ केलं वेगळं.

नवव्या दिवशी आकडा आला दोन पॉइंट आठ. खरा आकडा. सरांनी नळी आधी तीनदा बघून घेतली होती, आणि आता ते सगळ्यांच्याच नळ्या बघत, हळूबाईच्याही. तिला त्याचं काही वाईट वाटत नव्हतं. उलट खांद्यावरचं एक ओझं दोघांत वाटल्यासारखं वाटत होतं.

इंजेक्शनं थांबली. सामान आवरताना ती आजींना म्हणाली, "पुढच्या मंगळवारपासून तुम्ही हॉस्पिटलातच रक्त द्या. तिथं चांगली माणसं आहेत. किंवा आमचा संध्याकाळचा गडी घरी येईल." आजी सुईत दोरा ओवत राहिल्या. झालं, संपलं, असं समजून हळूबाई बाहेर पडली.

मंगळवारी सकाळी लॅबमध्ये सहाही खुर्च्या भरल्या होत्या. जिन्यावर पावलं वाजली, एकेक पायरी, मध्ये थांबत, आणि दारात आजी. दम खायला क्षणभर टेकल्या. एकानं उठून जागा दिली, ती त्यांनी घेतली नाही. सरळ खिडकीपाशी सातव्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि बाही वर केली.

घासाघीस झाली नाही. विनोद झाला नाही. हळूबाईनं पट्टा बांधला. पुन्हा शीर चुकेल अशी भीती होती, पण चुकली नाही. सुई गेली, रक्त आलं, नळी भरली, बूच लागलं. ती नळी घेऊन आत निघाली.

"थांब," आजी म्हणाल्या. "इकडे आण ती."

सगळी खोली बघू लागली. आजींनी पिशवीतून शिवणाचा जाड चष्मा काढला, नाकावर चढवला, कोपर खुर्चीच्या हातावर टेकवलं आणि नळी डोळ्यांसमोर सरळ धरली. कापडाचा काठ बघतात तशी, एक डोळा मिटून. घाई केली नाही. हळूबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सहा माणसं बघत होती, आतून सर दारात येऊन उभे राहिले होते, आणि बावीस वर्षं सुई धरलेली ती बाई शाळेतल्या पोरीसारखी समोर उभी होती.

"हं," आजींनी नळी तिच्या हातात परत दिली. "बरोबर आहे. ने."

हळूबाई वळली, तशी आजींनी तिचं मनगट धरलं.

"आणि हे बघ. आता दर वेळी मी अशी बघणार आहे. मी आहे तोवर."

"बघा," हळूबाई म्हणाली. "आजी, खूप वर्षं बघा."